शेवटच्या रांगेतला प्रश्न

एमिलिया सिस्टरचा आरोग्यशिक्षणाचा तास दर सोमवारी अकरा वाजता भरायचा. भरायचा म्हणजे काय, तर रुग्णालयाच्या मागच्या व्हरांड्यात वीसेक प्लास्टिकच्या खुर्च्या मांडायच्या, खिळ्याला तक्त्यांची मोठी वही टांगायची आणि औषधांच्या रांगेतल्या बायकांना ‘थोडा वेळ बसा हो’ म्हणत गोळा करायचं. बायकाच का, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल तर तुम्ही अशा व्हरांड्यात कधी बसलेला नाहीत. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे रिपोर्ट घ्यायला घरातला पुरुष येतो, डॉक्टरांशी इंग्रजीत बोलायला तर आवर्जून येतो. पण कूस कशी बदलायची, शी कशी काढायची हे शिकायची वेळ आली की त्याला नेमका फोन येतो आणि तो जो बाहेर जातो तो तास संपल्यावरच उगवतो.

बोरिवलीतल्या या रुग्णालयाचं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण ते कुठलंही असू शकतं. एमिलिया मात्र एकच होती. मनोरीची, अडतीस वर्षांची, चौदा वर्षं वॉर्डात घासलेली. रोज सकाळी गोराईच्या लाँचमधून खाडी ओलांडून ती कामावर यायची आणि लाँचमध्येच तिचा अभ्यास व्हायचा. नर्सिंगच्या पदव्युत्तर पदवीसाठी ती प्रबंध करत होती. लकवा झालेल्या रुग्णांना घरी सांभाळणाऱ्या माणसांवर किती भार पडतो आणि त्यांना नीट शिकवलं तर तो हलका होतो का, असा विषय. साठ घरं निवडायची, प्रत्येक घरी वीस प्रश्नांचा फॉर्म भरून घ्यायचा, मग शिकवायचं, मग पुन्हा फॉर्म. शिकवलं की भार कमी होतो यावर तिचा मनापासून विश्वास होता. तिची वही चोवीस पानांची होती, चित्रं तिनेच काढली होती आणि त्या वहीचा तिला अभिमान होता.

गेल्या वर्षीच्या एप्रिलमधली गोष्ट. व्हरांड्यात भट्टी लागल्यासारखं उकडत होतं आणि बायका केसपेपरांनी वारा घेत होत्या. शेवटच्या रांगेत एक चाळिशीची बाई मनगटापर्यंत बाह्या असलेला कुडता घालून बसली होती. मांडीवर वही, हातात पेन, शाळेतल्या शहाण्या मुलीसारखी. एमिलियाने पाठीच्या जखमांचं पान संपवलं, दर दोन तासांनी कूस बदलायची हे तिसऱ्यांदा वदवून घेतलं आणि कुणाला काही विचारायचं आहे का म्हणून विचारलं. या प्रश्नावर सहसा कुणी तोंड उघडत नाही. त्या दिवशी मागून आवाज आला.

“सिस्टर, पेशंट मारायला लागला तर काय करायचं?”

दोघी हसल्या. तिसरी हसली नाही, ती खाली मान घालून केसपेपरची घडी घालू लागली. एमिलियाच्या हाताने आपोआप वहीची पानं चाळली. चोवीस पानांत यावर एक ओळ नव्हती. मग शिकवणाऱ्या माणसाला उत्तर येत नसलं की तो जे करतो तेच तिने केलं, आवाजात गोडवा आणला.

“आजारपणात माणूस चिडचिडा होतो ना. त्यांची मनःस्थिती समजून घ्यायची. आपण शांत राहायचं.”

त्या बाईने मान डोलावली आणि हे वाक्य वहीत लिहून घेतलं. एमिलियाला पुढे ज्या ज्या गोष्टींची शरम वाटली, त्यात या लिहून घेण्याची सगळ्यात जास्त वाटली.

बाईचं नाव क्षमा नाबर. राहायला बाभईला, वडिलांसोबत. वडिलांना घरीदारी सगळे भाऊ म्हणत. शाळेत पस्तीस वर्षं पर्यवेक्षक होते आणि त्यांच्या छडीच्या गोष्टी आज साठीला आलेले विद्यार्थीसुद्धा कौतुकाने सांगतात. मार खाल्ल्याची गोष्ट कौतुकाने सांगायची ही आपल्याकडची रीतच आहे. छडी घरीही होती, पण तिच्या गोष्टी कुणी सांगत नसे. क्षमाची आई आठ वर्षं संधिवाताने अंथरुणावर होती. तेव्हा क्षमाने अंधेरीच्या विमा कंपनीतली नोकरी सोडली. आई गेली आणि वर्ष उलटायच्या आत भाऊंना लकव्याचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात तेवढा शाबूत राहिला, आणि तो चांगला भक्कम होता.

क्षमाचा धाकटा भाऊ मिहिर दिंडोशीला तिसाव्या मजल्यावर बायकोसोबत राहत होता. क्षमाने का करायचं, हा प्रश्न त्या घरात कधी कुणी विचारलाच नाही, कारण उत्तर सगळ्यांना आधीपासून ठाऊक होतं. तिचं लग्न झालेलं नाही, तिला संसार नाही, मग तिला दुसरं काम काय. लग्न का झालं नाही, तर आईचं करायला कुणीतरी हवं होतं म्हणून. असा हा गोल रस्ता. लग्न झालेली मुलगी सासरी राबते आणि बिनलग्नाची माहेरी, आणि दोन्हीकडे आपण त्याला सेवा म्हणून हात जोडून मोकळे होतो. हुंड्याविरुद्ध भाषणं झाली, बालविवाहाविरुद्ध कायदे झाले. या सेवेविरुद्ध अजून साधी ठिणगी पडलेली नाही.

नाबरांचं घर एमिलियाच्या यादीत एकतिसावं होतं. घरभेटीसाठी ती रविवारी गेली, मिहिर त्या दिवशी बाभईला येतो म्हणून. तिच्या फॉर्मवर पहिलीच अट छापलेली होती: उत्तरं रुग्णाला घरी नेताना ज्या नातेवाइकाने सही केली त्याची घ्यावीत. सही मिहिरची होती. सह्या नेहमी मिहिरच करायचा. अट मार्गदर्शक राधा मॅडमनी घातली होती आणि एमिलियाने ती बिनतक्रार पाळली होती, तीस घरी पाळली होती.

मिहिर माणूस बोलायला छान. पंखा तिच्याकडे वळवला, सरबत आणायला सांगितलं. सरबत क्षमाने आणलं आणि ती आत गेली, भाऊंच्या जेवणाची वेळ झाली होती. एमिलिया एकेक प्रश्न वाचत गेली आणि मिहिर भराभर उत्तरं देत गेला. झोप पुरेशी होत नाही असं वाटतं का, कधीच नाही. स्वतःसाठी वेळ उरत नाही असं वाटतं का, क्वचित, ट्रॅफिकमुळे. अकराव्या प्रश्नाला एमिलिया किंचित अडखळली.

“तुम्हाला कधी आपल्या रुग्णाची भीती वाटते का?”

“भीती?” मिहिर हसला. “वडील आहेत माझे, सिस्टर. लिहा, कधीच नाही.”

तेवढ्यात आतून काहीतरी जड आदळल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ घंटेचा एक चिरका नाद. मिहिरने मान वळवली नाही. भाऊंचं चालूच असतं, म्हणाला, स्वभाव आहे, शिस्तीचे आहेत. एमिलिया मात्र उठली आणि आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली.

भाऊ उशांना टेकून बसले होते. नाचणीची पेज त्यांच्या सदऱ्यावर, चादरीवर, भिंतीवर उडालेली. जमिनीवर एक लाकडी मुठीची पितळी घंटा पडली होती. शाळेने निरोप समारंभात दिलेली, आता क्षमाला हाक मारायला त्यांच्या डाव्या हाताशी ठेवलेली. क्षमा तोंडावर हात दाबून उभी होती आणि बोटांच्या फटींतून रक्त कोपरापर्यंत ओघळत होतं. तिने हात काढला, तळहातावर थुंकली. त्या रक्तात अर्धा दात होता. भाऊ तिच्याकडे बघत नव्हते. त्यांनी डावा हात पुढे केला होता, पंजा उघडा, मागणीचा. क्षमाने वाकून घंटा उचलली, ओढणीने पुसली आणि परत त्यांच्या हातात दिली.

एमिलियाने तिला मोरीत नेलं, गुळण्या करायला लावल्या, कापूस दाबून धरला. हे नेहमीचं आहे का, असं तिने विचारलं तेव्हा क्षमा कापसातूनच म्हणाली, “मी शांतच राहते सिस्टर. तुम्ही सांगितलंत तसं.” एमिलियाला तिच्याकडे बघवेना. बाहेर येऊन तिने मिहिरला सांगितलं की दात तुटलाय, डॉक्टरकडे न्या. तो म्हणाला, बघतो, आणि पुढचा प्रश्न कोणता म्हणून त्याने विचारलं.

खाली उतरताना पहिल्या मजल्यावर प्रेमाकाकू दारात उभ्या होत्या. नाबरांच्या तीस वर्षांच्या शेजारी. वरून आवाज आला होता का, असं एमिलियाने विचारल्यावर त्या गडबडल्या. भाऊंची घंटा आम्हाला रोजच ऐकू येते, म्हणाल्या, आम्ही टीव्ही मोठा करतो. असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं.

फॉर्मवर गुण आले नऊ, ऐंशीपैकी. तक्त्यात नऊ म्हणजे ‘भार नाही’. मंगळवारी एमिलियाने हा सगळा प्रकार राधा मॅडमच्या कानावर घातला. मॅडम वाईट नव्हत्या, फक्त घाईत होत्या. एका घरासाठी अट बदलली तर साठही घरं फुकट जातात, वर्ष वाया जातं, तुझी बढती अडकते, असं त्यांनी समजावलं. एमिलियाने क्रमांक एकतीससमोर नऊ आकडा लिहिला. लिहिताना तिच्या डोळ्यांसमोर तो उघडा पंजा होता, तरी लिहिला. वॉर्डात छत्तीस रुग्ण आणि दोन सिस्टर असल्या की माणूस समोरचं काम उरकायला शिकतो, आणि ही सवय एकदा लागली की वॉर्डापुरती राहत नाही.

मेच्या मध्यात भाऊ तिच्याच वॉर्डात दाखल झाले. ताप एकशे तीन आणि माकडहाडाशी मुठीएवढी जखम, हाडापर्यंत गेलेली. ड्रेसिंग करताना एमिलियाला त्यांच्या डाव्या मनगटावर काळानिळा वळ दिसला, बांगडीसारखा गोल. असा वळ कशाने उमटतो हे चौदा वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईला सांगावं लागत नाही. ती क्षमाला पडद्याआड बेसिनपाशी घेऊन गेली आणि यावेळी फॉर्म आणला नाही. नुसतं विचारलं.

क्षमाने उत्तर द्यायच्या आधी बाह्या वर केल्या. दंडापासून मनगटापर्यंत चावे होते, जुने पिवळे आणि नवे जांभळे. नखांचे ओरखडे, त्यातला एक चिघळलेला. कोपराखाली घंटेच्या कडेचा अर्धगोल उमटला होता. मग ती हळूच बोलू लागली. कूस बदलायला वाकलं की भाऊ केस धरतात आणि डोकं पलंगाच्या कठड्यावर आपटतात. म्हणून गेला महिना तिने कूस बदलणं टाळलं, म्हणून जखम झाली. चार दिवसांपूर्वी त्यांनी तिचा गळा धरला. सुटल्यावर तिने त्यांचा हात ओढणीने कठड्याला बांधला, दिवसभर.

“आणि मी मारलं सिस्टर. दोनदा, तोंडावर. मला बरं वाटलं.” तिने बाह्या पुन्हा खाली ओढल्या. “ते बरं वाटणं मला सहन होत नाही.”

एमिलियाने तिला जवळ घेतलं. रडू दोघींनाही आलं, पण वॉर्डात रडायला जागा नसते, कुणीतरी हाक मारलीच. मिहिरशी मी बोलते, असं सांगून ती वळली. तिला वाटलं होतं, आरोप-प्रत्यारोपांशिवाय, घरातल्यासारखं बोलता येईल. माणसं शिकवली की सुधारतात, या तिच्या विश्वासाची ही शेवटची घटका होती.

चार वाजता भेटीची वेळ झाली आणि मिहिर आला. वडिलांच्या पायाशी उभा राहिला, मनगटाकडे बघितलं, मग क्षमाकडे. तीन वर्षांत त्याने वडिलांचं अंग पहिल्यांदाच इतकं नीट बघितलं असावं.

“बांधून ठेवलंस? बापाला?”

क्षमा म्हणाली, हो. एवढं एकच. तिने काही दडवलं असतं तर कदाचित मारातून वाचली असती.

भाऊंना धरून उभं करायला घेतलेली चार पायांची काठी पलंगाला टेकलेली होती. मिहिरने ती उचलली आणि बहिणीच्या पाठीत घातली. क्षमा स्टुलावरून गुडघ्यांवर कोसळली. दुसरा फटका डोक्यावर येत होता, तिने उजवा हात आडवा धरला, आणि हाड मोडल्याचा आवाज पलीकडच्या खाटेपर्यंत गेला. ती ओरडली नाही, मार खाताना ओरडायचं नाही ही त्या घरातली जुनी शिस्त होती. तिसरा फटका डोक्याला घासून खांद्यावर, चौथा पुन्हा त्याच मोडक्या हातावर. मिहिर प्रत्येक फटक्यागणिक एकच वाक्य म्हणत होता, देवासारखा बाप, देवासारखा बाप. वॉर्डात आलेले पाचसहा पुरुष उभे होते. एकही पुढे झाला नाही, दोघांनी फोन मात्र वर धरले.

एमिलिया सलाईन टाकून धावली आणि मधे पडली. काठीचा एक पाय तिच्या डोळ्याखाली बसला. तिला क्षणभर काही दिसलं नाही, फक्त गरम काहीतरी ओठांवर येतंय एवढं कळलं. तिने काठी धरून ठेवली. मिहिरने काठी सोडली, तिच्या गणवेशाची कॉलर धरली आणि तिला औषधांच्या ट्रॉलीवर ढकललं. बाटल्या फुटल्या. तिचं डोकं ट्रॉलीच्या कोपऱ्यावर आदळलं. तुम्हीच शिकवलंत तिला हे, तो ओरडत होता, आणि तिला पुन्हा उचलून आपटत होता. खाटेवर भाऊंचा डावा हात कठड्यावर ठक ठक आपटत होता. ते मुलाला थांबवत होते की पेटवत होते, हे कुणालाच सांगता येणार नाही.

सुरक्षारक्षक आले तेव्हा फरशीवर आयोडिन, रक्त आणि काचा एकत्र झाल्या होत्या. क्षमाचा हात दोन ठिकाणी मोडला होता आणि डोक्यात खोक पडली होती. एमिलियाच्या गालाला सात टाके पडले.

दुसऱ्या दिवशी तिला अधीक्षकांनी बोलावलं. चहा मागवला, बसायला सांगितलं, हळहळले. मग मुद्द्यावर आले. पोलिसांत जायचं तर जा, तुमचा हक्क आहे. पण तो व्हिडिओ आधीच फिरतोय, रुग्णालयाचं नाव खराब होतं, मुलगा शिकलेला आहे, माफीही मागायला तयार आहे. टाके भरून येतील. शेवटी आवाजात गोडवा आणून ते म्हणाले, “नातेवाइकांची मनःस्थिती समजून घ्या, सिस्टर. आपण शांत राहायचं.”

एमिलियाने हातातला कप बशीत ठेवला. तिला व्हरांडा दिसला, शेवटची रांग दिसली, वहीत वाक्य लिहून घेणारा हात दिसला. तो हात आता प्लास्टरमध्ये होता. माणसाला आपलंच वाक्य असं परत मिळालं की कसं लागतं, हे ज्याचं त्यालाच माहीत. गालाचे टाके ठणकू लागले.

“सर, हेच मी एका बाईला सांगितलं होतं,” ती म्हणाली. “तिचा हात मोडलाय. मी तक्रार देणार आहे.”

चहा न पिता ती उठली. घरी गिल्बर्टने, तिच्या नवऱ्याने, तिचा गाल बघितला. म्हणाला, नोकरी सोड, आपली वाडी आहे, भाजी विकून पोट भरेल. त्याचं प्रेम तिला कळत होतं. पण ती त्याला म्हणाली की मी घरी बसले तर मारणाऱ्याचंच खरं होईल. सकाळी तो स्वतः तिला लाँचवर सोडायला आला.

तिने जबाब दिला. क्षमानेही दिला, खाटेवर बसून, डाव्या हाताने सही करत. महिला हवालदार लिहायला बसल्या तेव्हा क्षमाने त्यांना थांबवलं. “मीही वडिलांना मारलंय आणि बांधलंय. ते आधी लिहा. मग बाकीचं सांगते.” हवालदार बाईंनी पेन खाली ठेवून तिच्याकडे बघितलं. एवढ्या वर्षांत असं सांगणारं त्यांना कुणी भेटलं नसावं.

या मधल्या दिवसांत आणखी एक गोष्ट निघाली. मनोविकारतज्ज्ञांनी भाऊंना तपासून सांगितलं की झटक्यानंतरच्या अशा संतापावर औषध असतं, बऱ्याच जणांना त्याने उतार पडतो. तीन वर्षांत हे नाबरांना कुणीही सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलंही नव्हतं, कारण भाऊ शिस्तीचे होते. मारात आजार किती आणि जुनी सवय किती, हे वेगळं काढायची तसदी कुणी घेतली नाही. एमिलियानेही नाही. तिच्या वहीत चोवीस पानं होती.

भाऊंना घरी सोडायचा दिवस आला. मिहिर जामिनावर सुटला होता. उतरलेल्या तोंडाने आला, सोबत बायको मधुवंती आणि मध्यस्थीला आणलेल्या प्रेमाकाकू. तिघांना मिळून क्षमाला समजवायचं होतं. मधुवंतीने आपल्या नोकरीचं, कमरेचं आणि लहान घराचं सांगितलं. मिहिर खाली बघत म्हणाला की झालं गेलं विसरून जा, ताई, भाऊंना तुझ्याच हातचं लागतं. मग त्याने काकूंकडे बघितलं. काकूंनी पाठ करून आणल्यासारखी सुरुवात केली, अगं, मारलं तरी वडीलच ना. तेवढ्यात क्षमाने त्यांच्याकडे वळून बघितलं आणि काकूंना तो तुटका दात दिसला.  त्या खुर्चीवर बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. तीन वर्षं ऐकतेय मी, म्हणत राहिल्या, तीन वर्षं टीव्ही मोठा करतेय.

क्षमाने भाऊंच्या उशाशी ठेवलेल्या पिशवीतून घंटा काढली. वडिलांसोबत ती इथेही आलीच होती. डाव्या हाताने तिने ती मिहिरसमोर धरली.

“ही घे. वाजली की जायचं. फेकली की उचलून द्यायची. आईची आठ आणि भाऊंची तीन वर्षं मी केलं. आता मी त्या खोलीत जाणार नाही.”

“मग भाऊंचं कोण करणार?” मिहिरने विचारलं. त्याला खरंच माहीत नव्हतं, आणि हेच त्या प्रश्नातलं सगळ्यात भयंकर होतं.

“सही तुझी आहे ना,” क्षमा म्हणाली. घंटा धरलेला हात खाली आला नाही. शेवटी मिहिरनेच ती घेतली. घेताना ती वाजली आणि खाटेवरच्या भाऊंनी सवयीने मान वळवून क्षमाकडे बघितलं. क्षमा जागची हलली नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिने ते पुसलं नाही.

त्या दुपारी एमिलियाने मिहिरला दीड तास बसवलं. कूस बदलणं, शी काढणं, जखम धुणं, सगळं त्याच्याच हातांनी करून घेतलं. फोन दोनदा वाजला, तिने तो उचलू दिला नाही. गालावर सात टाक्यांचा व्रण घेऊन त्याच माणसाला शिकवणं सोपं नव्हतं, पण भाऊंच्या पाठीची जखम खोटी नव्हती. मारायला लागले तर हात धरून ठेवायचा नाही, खोलीबाहेर जायचं, हेही सांगितलं. त्याने विचारलं, खरंच मारतात? ती म्हणाली, कळेल. भाऊ दिंडोशीला गेले. त्या घरात परत नको म्हणून क्षमा काकूंच्या मागच्या खोलीत राहायला गेली.

प्रबंधाचं म्हणाल तर एमिलियाने भरलेले सगळे फॉर्म बाद केले. राधा मॅडम चिडल्या, मग म्हणाल्या की अट माझी होती. आता फॉर्म भरताना दार लावून घ्यायचं आणि ज्या हातांना मलमाचा वास येतो त्याच हातांचं उत्तर घ्यायचं, असं ठरलं. मॅडमनीच नर्सेससाठी दुसरा भागही घालायला लावला. वॉर्डात मार खाल्लाय का, आणि खाल्ल्यावर तुम्हाला काय सांगितलं गेलं. वर्ष वाया गेलं, बढती अडकली. क्रमांक एकतीसचा फॉर्म क्षमाने स्वतः भरला. गुण आले एकाहत्तर. नऊ आणि एकाहत्तर यांच्यामधे एक दार होतं, आणि त्या दाराबाहेर एमिलिया सरबत पीत बसली होती. हे ती आता प्रत्येक सभेत, कुणी विचारलं नाही तरी सांगते.

वहीला पंचविसावं पान लागलं. ते शेवटी लावलेलं नाही, पहिलंच लावलंय. त्यावर चित्र नाही. पेशंट मारायला लागला तर खोलीबाहेर या, दार ओढून घ्या, शेजाऱ्यांना हाक मारा, लपवू नका, आम्हाला सांगा. हे पान क्षमाने डाव्या हाताने लिहिलंय, अक्षर वेडंवाकडं आहे आणि एमिलिया ते सुधारू देत नाही.

परवाच्या सोमवारी व्हरांड्यात पुन्हा उकडत होतं. खुर्च्या भरल्या. मागे भिंतीशी एक पोरगेली सून बसली होती, लांब बाह्यांच्या ब्लाउजवर पदर घट्ट लपेटून, जमिनीकडे बघत. एमिलियाने वही उघडली, पण वाचायला सुरुवात केली नाही. ती खुर्च्यांमधून वाट काढत मागे गेली, तिच्याजवळ उकिडवी बसली आणि फक्त तिलाच ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “बाळा, बाही जरा वर करतेस?”